कोकणातून गीरला: पोरं आणि म्हातारी माणसं घेऊन सिंह बघायला जायचं असेल तर

सगळ्यात आधी एक सांगते, गणपतीच्या सुट्टीत गीर बंद असतं. हे पहिल्याच ओळीत लिहायचं कारण म्हणजे आमच्या बिल्डिंगमधल्या एका कुटुंबाने गौरी-गणपती उरकले की निघायचं असा पक्का बेत केलेला, रजा टाकून झाल्या, पोरांनी शाळेत सांगून टाकलं, आणि मग कळलं की १६ जून ते १५ ऑक्टोबर जंगलाचं गेटच उघडत नाही. चार महिने पाऊस, रस्ते चिखलाचे, शिवाय सिंहांच्या जोड्या जमायचा काळ, त्यामुळे त्यांना निवांत सोडतात. बरोबरच आहे, पण त्या पोरांची तोंडं बघवत नव्हती.

आम्ही रत्नागिरीचे. मी, नवरा, अकरा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा, सासूबाई आणि नणंद, अशी सहा डोकी. दोनदा गेलो. पहिल्यांदा जवळजवळ सगळं चुकलं आणि दुसऱ्यांदा जवळजवळ सगळं जमलं, आणि दोन्हींत फरक काय तर कुठलं काम आधी केलं नि कुठलं नंतर एवढाच. म्हणून क्रमानेच लिहितेय.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गीर म्हंजे गुजरातमध्ये, सौराष्ट्रात, जुनागढ आणि सोमनाथच्या मधलं जंगल, आणि जिथून सफारी निघते ते गाव सासण. आफ्रिका सोडली तर मोकळा रानातला सिंह जगात फक्त या भागातच आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अगदी मोजकेच उरले होते, जुनागढच्या नवाबाने शिकारीला आळा घातला म्हणून वाचले. २०१५ ला ५२३ होते, २०२० ला ६७४ आणि २०२५ च्या मोजणीत ८९१. यातले निम्म्याहून जास्त आता अभयारण्याच्या बाहेर, गावांच्या आणि शेतांच्या आजूबाजूला राहतात. हे लक्षात ठेवा, खाली दोनदा लागणार आहे.

पहिलं काम: तारीख, ती पण आपल्या कॅलेंडरवर

नेटवर सगळीकडे लिहिलेलं असतं "डिसेंबर ते मार्च बेस्ट", पण ते लिहिणाऱ्याला शिमगा माहीत नसतो. आपल्याकडे पालखी दारात यायच्या वेळी कोण घर सोडून जाणार? एप्रिल-मेमध्ये खरं तर सिंह सगळ्यात सोपे दिसतात कारण सागाची पानं झडलेली असतात, लांबवरचं दिसतं, पाणी आटलेलं असतं आणि जनावराला पाणवठ्यावर यावंच लागतं. पण पारा चाळीसच्या वर, उघडी जिप्सी म्हणजे सफारीची जीप, सोबत सत्तरीची सासू, आणि ज्यांची आंब्याची कलमं आहेत त्यांना मेमध्ये बागेतून मान वर करायला तरी फुरसत असते का.

राहता राहिली दिवाळी ते फेब्रुवारी. दिवाळीत एक गोम आहे. पाडवा हे गुजरात्यांचं नवीन वर्ष, त्या दिवसापासून लाभपंचमीपर्यंत तिकडची दुकानं बंद असतात आणि अख्खा गुजरात फिरायला बाहेर पडलेला असतो, सासणमध्ये खोली मिळाली तरी दुप्पट भावाने. आम्ही दुसऱ्यांदा लाभपंचमी होऊ दिली आणि शाळेच्या सुट्टीचा शेवटचा आठवडा पकडला, त्यातही शनिवार-रविवार टाळले कारण वीकेंडला आणि सणाला परमिटचा दर जास्त असतो. नोव्हेंबरचा एकच तोटा, गवत अजून उंच असतं, सिंह दहा फुटांवर बसलेला असेल तरी नुसते कान दिसतील. पोरांच्या चार दांड्या चालणार असतील तर जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी सगळ्यात छान. नाताळ ते एक तारीख मात्र विसरा.

दुसरं काम: परमिट. रेल्वे नाही, हॉटेल नाही, आधी परमिट

इथेच सगळे चुकतात, आम्ही पण चुकलो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

गीरमध्ये दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींना लोक "गीर सफारी"च म्हणतात. एक म्हणजे खरं जंगल, तिथे जिप्सीतून जायचं, त्याला गीर जंगल ट्रेल म्हणतात. दुसरं म्हणजे देवळिया, सासणपासून साधारण १२ किलोमीटरवर, कुंपण घातलेलं चार चौरस किलोमीटरचं पार्क, तिथे बसमधून फिरवतात आणि सिंह जवळपास हमखास दिसतो. पहिल्या वेळी आम्ही एका एजंटला पैसे दिले, सहा जणांची "गीर लायन सफारी, सगळं इन्क्लुडेड", आणि तिथे पोचल्यावर हातात आलं देवळियाच्या बसचं तिकीट. एजंटला फोन केला तर म्हणतो, मॅडम सिंह दिसला ना? दिसला होता, खोटं कशाला बोलू. पण एवढ्या लांब जाऊन काचेआडून कुंपणातला सिंह, आणि नवऱ्याचा तीन दिवस फुगलेला चेहरा, तो वेगळाच.

तर परमिट स्वतः काढा. गुजरात वनविभागाची अधिकृत साइट आहे, पत्त्याचा शेवट गव्ह डॉट इन असाच हवा. हे मुद्दाम सांगतेय कारण सर्च केलं की वर वर येणाऱ्या बऱ्याच साइट खाजगी असतात, दिसायला अगदी सरकारी, आतमध्ये सिंहाचा मोठा फोटो नि तिप्पट दर. बुकिंग साधारण तीन महिने आधी उघडतं, आणि सुट्टीच्या तारखा उघडल्या उघडल्या जातात, त्यामुळे कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि त्या दिवशी सकाळी लॅपटॉप घेऊन बसा.

परमिट माणसागणिक नसतं, जिप्सीगणिक असतं. एका जिप्सीत सहा मोठी माणसं आणि तीन ते बारा वर्षांचं एक मूल. तुम्ही तिघेच असलात तरी पैसे अख्ख्या गाडीचे, म्हणून दोन घरं मिळून गेलात तर परवडतं. ऑनलाइन जे भरता ते फक्त परमिटचं, जिप्सीचं भाडं आणि गाइडची फी वेगळी असते नि ती तिथे गेल्यावर द्यायची. मोठा कॅमेरा नेणार असाल तर त्याची फी आधी विचारून घ्या. त्यामुळे परमिटचा आकडा बघून "अरे स्वस्त आहे की" म्हणून उड्या मारू नका, चारही आकडे जोडून मग बजेट करा.

नावं आधार कार्डावर जशी आहेत तशीच टाका. सासूबाईंच्या कार्डावर माहेरचं नाव आहे आणि आम्ही सगळे त्यांना सासरच्या नावाने ओळखतो, मी फॉर्म भरताना सवयीने तेच टाकायला निघाले होते, नणंदेने हात धरला. गेटवर ओरिजिनल ओळखपत्र बघतात, झेरॉक्स चालत नाही, आणि नंतर नाव बदलता येत नाही.

सफारीच्या वेळा तीन, पहाटेची, त्यानंतरची सकाळची आणि दुपारची, प्रत्येक साधारण तीन तासांची, ऋतूप्रमाणे थोडी पुढेमागे. माझं स्पष्ट मत: एक सफारी काढून जाऊ नका. दोन काढा, एक पहाटेची आणि एक दुपारची, वेगवेगळ्या दिवशी. मधली सकाळची वेळ उन्हं चढल्यावरची, तोवर सिंह सावलीला आडवा झालेला असतो. सिंह दिवसातले अठरा-वीस तास झोपतो हो, त्याच्या जागं असायच्या वेळेत आपण पोचायचं असतं.

कुठला रूट मिळेल ते आधी कळत नाही, तिथे हजेरी लावली की रूटचा नंबर हातात येतो. "अमुक रूट चांगला, मी सेटिंग करून देतो" म्हणणारा कोणी भेटला तर नमस्कार करून पुढे चालू लागा.

तिसरं काम: गाडी

रेल्वेचं रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे परमिट हातात आल्यावर तुमच्याकडे महिनाभर असतो, क्रम आपोआपच बसतो. कोकण रेल्वेवरून थेट वेरावळला जाणारी एक गाडी आहे, तिरुवनंतपुरम-वेरावळ एक्स्प्रेस, आठवड्यातून एकदा, रत्नागिरीला थांबते. एक दिवस एक रात्र धरून चला. वेरावळहून सासण साधारण ४० किलोमीटर, जुनागढला उतरलात तर साधारण ६०, दोन्हीकडून टॅक्सी मिळते. आमच्यासारखी म्हातारी माणसं सोबत असतील तर हीच गाडी, बॅगा घेऊन मुंबईत प्लॅटफॉर्म बदलायची कटकट नाही.

तो वार जमत नसेल तर मुंबई गाठा आणि वांद्रे टर्मिनसहून वेरावळ गाडी धरा, ती रोज असते. फक्त कोकणातली गाडी आणि ती गाडी यांच्यात निदान पाच-सहा तास ठेवा, आपल्या गाड्या क्रॉसिंगला कुठे किती वेळ उभ्या राहतील ते तुम्हाला मी काय सांगायचं. ऑक्टोबरमध्ये जाणार असाल तर पावसाळी वेळापत्रक कधी संपतं ते बघूनच तिकीट काढा, वेळा बदलतात.

स्वतःची गाडी घेऊन जायचं म्हणाल तर अकराशे किलोमीटरच्या वर आहे. सुरतजवळच्या हजिऱ्याहून भावनगरकडच्या घोघ्याला गाडीसकट नेणारी फेरीबोट आहे, खंबातच्या आखाताला वळसा वाचतो. दाभोळ-धोपावेला गाडी चढवायची सवय असणाऱ्यांना त्यात नवल नाही, फक्त ही बोट बरीच मोठी आणि प्रवास तासांचा, मिनिटांचा नाही.

चौथं: राहणं आणि जेवण

सासण हे एका रस्त्याचं गाव. सिंह सदन हे वनखात्याचं विश्रामगृह अगदी मध्यावर आहे, सफारीचा सगळा कारभार त्याच्या आसपासच चालतो. तिथे खोली मिळाली तर उत्तम, नाहीतर हॉटेल घेताना "सिंह सदनपासून किती लांब" एवढं एकच विचारा. जाहिरातीत "गीर" लिहिलेलं रिसॉर्ट प्रत्यक्षात पंचवीस किलोमीटरवर निघतं, आणि पहाटे साडेपाचला झोपलेलं पोर खांद्यावर टाकून पंचवीस किलोमीटर जायचं म्हणजे काय ते आईलाच कळतं.

रात्री जेवून शतपावली घालायची असेल तर हॉटेलच्या आवारातच घाला. वर म्हटलं ना, निम्म्याहून जास्त सिंह जंगलाबाहेर आहेत. आपल्याकडे वाडीत कुत्रा नाहीसा झाला की "वाघ आला" म्हणतात आणि तो बिबट्या असतो, तिकडे ऊस नि आंब्याच्या बागांतून सिंह फिरतो, बिबट्या तर आहेच.

जेवणाचं आधीच मनाशी पक्कं करा. बाजरीचा रोटला, वांग्याचं भरीत म्हणजे तिकडचा ओळो, शेव-टोमॅटोची भाजी, लसणाची लाल चटणी, गूळ, तूप नि तांब्याभर ताक, चव एक नंबर. पण मासे नाहीत. सासूबाईंनी पहिल्या दिवशी रोटल्याचं कौतुक केलं, दुसऱ्या दिवशी गप्प जेवल्या, तिसऱ्या दिवशी विचारलं, "समुद्र हयसून किती लांब?" सुकट, बोंबील पिशवीत घालून नेऊ नका, एक तर एसी डब्यात वास मारतो, आणि दुसरं म्हणजे तिकडचे बरेच हॉटेलवाले शुद्ध शाकाहारी, वासावरून उगाच वाद. दारूबंदी आहे हे पुरुष मंडळींनी लक्षात घ्यावं.

पाचवं: बॅग

आपण कोकणी माणसं थंडीला फसतो. आपल्याकडे स्वेटर कपाटात डांबरगोळ्यांत असतो, बाहेर काढायची वेळच येत नाही, आणि मग वाटतं गुजरात म्हणजे गरमच असणार. डिसेंबर-जानेवारीत पहाटे उघड्या जिप्सीत वारा जो काही लागतो, त्यात दातावर दात. प्रत्येकाला स्वेटर, कानटोपी, हातमोजे, आणि पोरांना वरून एक शाल. नऊ वाजले की हेच सगळं काढून मांडीवर धरून बसायचं असतं कारण ऊन चटका द्यायला लागतं, म्हणून आतला कपडा सुती.

कपडे मातीच्या, पानाच्या रंगाचे. लाल, पांढरं, पिवळं भडक नको. सेंट, अत्तर, गजरा काही नको. तोंडाला बांधायला ओढणी किंवा रुमाल हवाच, पुढच्या गाडीची धूळ अशी बसते की आमच्या मुलाच्या पापण्या पिठात बुडवल्यासारख्या दिसत होत्या. दमा असेल तर पंप खिशात, बॅगेत नव्हे. मोबाइल सायलेंटवर, आणि त्याबद्दल गेटवर जो नियम सांगतील तो पाळा. दुर्बीण असेल तर एक न्या, दोन नका, दोन पोरांत एकच दुर्बीण असली तर भांडतात हे खरं पण दोन असल्या तर दोन्ही हरवतात.

सहावं: सफारीचा दिवस

चहा प्या, पण अर्धाच. आत गेलं की तीन तास गाडीतून खाली पाय ठेवायचा नाही, आणि "आई, शू" हे शब्द नेमके जंगलाच्या मध्यावर ऐकू येतात. निघायच्या आधी पंधरा मिनिटं सगळ्यांना, हो, मोठ्यांना पण, सक्तीने पाठवा. खाऊचं पाकीट आत उघडायचं नाही, प्लॅस्टिक टाकायचं नाही.

कोण कुठे बसणार हे गाडीत चढायच्या आधीच ठरवा. मागच्या सीटवर सगळ्यात जास्त आपटतं, तिथे कंबरदुखीवाल्याला बसवू नका. आम्ही सासूबाईंना मधल्या सीटवर, पाठीला उशी देऊन, आणि मुलाला माझ्या नि नवऱ्याच्या मध्ये. पोरांना उभं राहू द्यायचं नाही, सिंहाला अख्खी गाडी म्हणजे एक मोठी वस्तू वाटते, त्यातून एखादा हात नाहीतर डोकं बाहेर आलं की त्याचं लक्ष जातं, असं आमच्या गाइडने समजावलं, आणि ते मुलाला माझ्या दहा दटावण्यांपेक्षा जास्त पटलं.

आणि पोरांना "सिंह दाखवते" असं कबूल करू नका. जंगल बघायला चाललोय म्हणा. आमची पहिली पहाट पूर्ण कोरडी गेली. चितळं दिसली, सांबर, मोर इतके की नंतर कोणी मान वळवेना, एका झाडाच्या ढोलीत घुबड, कमलेश्वर धरणावर काठाला ओंडक्यासारखी पडलेली मगर. मुलगी खूश होती, वहीत यादी करत होती. मुलाने मात्र गेटबाहेर येताना गाइडला विचारलं, "काका, सिंहाचा काउंटर बंद होता का?"

दुसऱ्या दिवशी दुपारची सफारी. पहिला तास काही नाही. मग एका वळणावर चितळाने ओरडायला सुरुवात केली, ते ओरडणं म्हणजे कुत्र्याच्या भुंकण्यात कोणीतरी शिट्टी घातल्यासारखं, एकाच लयीत, परत परत. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. या वेळेला कोणी बोलू नका, कोणी पाकीट वाजवू नका, कारण इंजिन बंद झाल्यावरच जंगल ऐकू येतं, आणि गाइड डोळ्यांपेक्षा कानांनीच शोधत असतो. चितळ, माकड, मोर, यातले दोघं एकाच दिशेला तोंड करून ओरडत असले की तिकडे काहीतरी आहे समजायचं. खाली सागाची वाळलेली पानं पडलेली, ताटलीएवढी, त्यावर पाऊल पडलं की पापड मोडल्यासारखा आवाज येतो. तो आवाज आधी आला.

वनखात्याचा ट्रॅकर रस्त्याच्या कडेला उभा होता, हातात नुसती काठी. बोटाने दाखवून हळूच म्हणाला, "सावज." नणंद माझ्या कानात, "कोणाचं सावज, आपण?" तिकडे काठियावाडी बोलीत सिंहालाच सावज म्हणतात. आपल्याकडे ज्याची शिकार होते ते सावज, तिकडे जो शिकार करतो तो. आम्ही दोघी हसू दाबून दाबून लाल झालो.

सिंहीण होती, दोन पिल्लं घेऊन, रस्त्यापासून फार तर वीस फूट. कुशीवर आडवी. पिल्लांच्या पायांवर अजून ठिपके होते. सिंहिणीच्या पोटाखाली कातडीची एक सैल घडी लोंबत होती, ती आशियाई सिंहाची खूण, आफ्रिकेतल्यांना ती इतकी ठळक नसते. नर दिसला तर त्याची आयाळ पण बघा, इथल्या नराची आयाळ विरळ असते आणि कान त्यातून स्पष्ट दिसतात. पाच मिनिटं काहीच झालं नाही. माशा बसत होत्या, ती कान हलवत होती, एवढंच. सासूबाई मूळच्या मालवणच्या, त्या कुजबुजल्या, "निजलीहा. ह्येच्यासाठी दोन दिस गाडयेत बसलव?"

तेवढ्यात तिने मान उचलली, आमच्याकडे बघितलं आणि जांभई दिली. पूर्ण जबडा. सुळे पिवळट, जिभेवरचे काटे उन्हात दिसत होते. सासूबाईंनी माझं मनगट असं धरलं की त्यांच्या नखांचे व्रण रात्रीपर्यंत होते. मग एक पिल्लू आईच्या शेपटीच्या गोंड्यावर झेपावलं, तिने शेपूट फक्त दुसऱ्या बाजूला टाकली, जशी आपण पोराच्या हातातून मोबाइल काढून दुसऱ्या हातात घेतो तशी.

फोटोचं म्हणाल तर नवऱ्याने तीनशे काढले, त्यातल्या बऱ्याच फोटोंत समोरच्या सीटचा दांडा आहे. पहिली दोन मिनिटं फोन खाली ठेवा असं मी सांगेन, पण कोणी ऐकत नाही, मी पण नाही ऐकलं. मागच्या गाड्या थांबलेल्या असतात, गाइड "चला" म्हणाला की चलायचं, हुज्जत घालू नका. तिथे पैसे देऊन "अजून जरा जवळ घ्या" म्हणणारे पण असतात, त्यातले आपण होऊ नका.

सातवं: देवळिया शेवटी ठेवा

मी वर देवळियाच्या नावाने बोटं मोडली खरी, पण पोरं लहान असतील तर परत येताना ते ठेवाच, बॅकअप म्हणून. दोन्ही सफारी कोरड्या गेल्या तरी पोर रडत घरी येत नाही. ज्या आजी-आजोबांना जिप्सीचे धक्के सोसणार नाहीत त्यांना तर थेट देवळियालाच न्या. तिथे जिप्सी पण मिळते, तिचं परमिट वेगळं. बुधवारी बंद असतं, हे विसरू नका. क्रम मात्र हाच, आधी जंगल, मग देवळिया. उलटं केलंत तर जंगलात पोरं पहिल्या दहा मिनिटांतच विचारायला लागतात, कालच्यासारखा सिंह कुठे आहे.

एक गोष्ट अजिबात करायची नाही

सासणमध्ये संध्याकाळी चहाच्या टपरीवर कोणीतरी जवळ येऊन हळूच विचारतं, रात्री शेतावर सिंह बघायचा का, खाजगी, परमिटची गरज नाही. आम्हाला पण विचारलं. यात जनावर बांधून सिंहाला बोलावतात, लोकांना टॉर्च मारून दाखवतात. सिंह १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सगळ्यात वरच्या परिशिष्टात आहे, हा सरळ गुन्हा आहे, पकडले गेलात तर बघणारा पण अडकतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, अंधारात, कुंपण नाही, गाडी नाही, पोरं कडेवर, समोर खाण्यावर आलेला सिंह. आपल्या गावात वाघबारशीला पोरं खोट्या वाघाला पिटाळतात, हा खोटा नसतो.

उरलेले दिवस

एवढं लांब गेल्यावर सोमनाथ करायचंच, सासणहून तासाभरापेक्षा थोडं जास्त. जुनागढला एक दिवस ठेवला तर सक्करबाग प्राणीसंग्रहालय आहे, १८६३ मधलं, आणि गिरनार आहे, पण पायऱ्या जवळपास दहा हजार, रोपवे झाला आहे तो घ्या. तलालाजवळ जांबूरला सिद्दी लोकांचं गाव आहे, आफ्रिकेतून काही शतकांपूर्वी आलेल्यांचे वंशज. आपल्या मुरुड-जंजिऱ्याचे सिद्दी आठवतात ना, त्यांचेच म्हणा ना लांबचे भाऊबंद. धमाल नाचाचा कार्यक्रम हॉटेलवाले ठेवतात, आमच्या मुलाला सिंहाइतकाच तो नाच आवडला.

आणि दीव. केंद्रशासित, त्यामुळे नियम वेगळे, समुद्र आहे, मासे आहेत. सासूबाईंनी तिथे तळलेलं पापलेट समोर आल्यावर आधी गल उघडून बघितली, तळलेल्या माशाची, सवयीने.

तलाला हे केसर आंब्याचं गाव. आम्ही नोव्हेंबरात गेलो म्हणजे आंबा नव्हता, पण रसाचे डबे मिळतात. नणंदेने एक घेतला, रत्नागिरीला आल्यावर फोडला, सगळ्यांना वाटीतून दिला. मुलं म्हणाली मस्त आहे. मला पण आवडला, खोटं नाही बोलणार, फक्त आमच्या घरात हे मोठ्याने म्हणायची सोय नाही. सासूबाईंनी चमचाभर तोंडात घेतला, बराच वेळ घोळवला आणि वाटी बाजूला सारली.

"साखर घातलीहा."

नणंदेने डबा फिरवून मागचं बारीक अक्षर वाचलं. घातली होती.